आधी मयत दाखवा

मोटरसायकलच्या हेडलाइटचा नवाकोरा बल्ब मी अंगठ्याने घासून चकचकीत केला आणि मग बसवला. एवढंच केलं. त्यामुळे आठव्या दिवशी संध्याकाळी माझी मुलगी कात्रजच्या जुन्या घाटात मिट्ट काळोखात उभी होती.

मी असलं काही केलं यात नवल नाही, घरात माझी ख्यातीच तशी आहे. नवल एवढ्याचंच की मी एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. 'उष्णता' आणि 'प्रकाश' ही दोन्ही प्रकरणं माझ्याकडे असायची आणि मी ती झोपेतही शिकवू शकत असे. मुलं तर ती झोपेतच शिकत. पण हॅलोजनच्या काचेला बोटाचं तेल लागलं की ती नेमकी तिथेच जास्त तापते, तिथेच फुगते आणि तिथेच जीव सोडते, हे मला निवृत्तीनंतर कळलं. सांगितलं ते नारायण पेठेतल्या एका दुकानदाराने. जेमतेम दहावीपर्यंत गेलेल्या या माणसाला सगळी पेठ डिपरकाका म्हणायची.

हे नाव त्यांना त्यांच्या उजव्या हातामुळे पडलं. संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन काका रस्त्याने चाललेत आणि समोरून एखादा गाडीवाला दिव्याचा झोत थेट डोळ्यांत मारत येतोय, असं झालं की काका जागच्या जागी थांबत. हात पुढे करून पंजा उघडत आणि मिटत, उघडत आणि मिटत. अर्थ एकच : अप्पर खाली घे, डिपर दे. ओरडणं नाही, शिवी नाही. समोरच्याने ऐकलं नाही तर ते बाजूला होत नसत, आणि आमच्या गल्लीची रुंदी अशी की काका उभे राहिले म्हणजे वाहतूक उभी राहिली. एकदा पाण्याच्या टँकरसमोर ते असेच उभे राहिले होते. ड्रायव्हर म्हणाला, "आजोबा, मरायचंय का?" काका म्हणाले, "मी दिसतोय ना तुला? मग मला पण तू दिसू दे की." टँकरचा दिवा खाली झाला.

त्यांचं दुकान म्हणजे तीन पायऱ्या चढून गेल्यावर लागणारं एक कपाट. 'ऑटो इलेक्ट्रिक' या पाटीवरचा 'ऑटो' उडून गेला होता, त्यामुळे लोक पंखे दुरुस्तीला घेऊन येत आणि अपमान घेऊन जात. मी त्याच पेठेत राहत असून कधी आत गेलो नव्हतो. बल्बासारखी क्षुल्लक वस्तू घ्यायला माहितगार माणूस लागतो, हेच मला मान्य नव्हतं.

मुक्ता, म्हणजे माझी मुलगी, तेव्हा नुकतीच खेड शिवापूरच्या पुढे बियाण्यांच्या एका प्रयोगशाळेत लागली होती. कंपनीची बस होती, पण तिला लहानपणापासून बस लागते. मग तिने माझी जुनी, गोल दिव्याची मोटरसायकल ताब्यात घेतली. हायवेला ट्रक अंगावर येतात, तू आपली जुन्या घाटाने जा, असं मीच तिला पोक्तपणे सांगितलं. घाटात ट्रक नसतात हे खरं, पण रस्त्यावर दिवेही नसतात. तेवढं सांगायचं राहिलं. दिवाळीनंतर दिवस लहान झाले तसं माझ्या डोक्यात एक वेळापत्रक फिरायला लागलं. सहाला सुटली. साडेसहाला जुना बोगदा. सातला कात्रजचा चौक. साडेसातला घर. सव्वासातपासून मी गॅलरीत झाडांना पाणी घालायचो. आमच्याकडे झाडं दोन आहेत. त्या हिवाळ्यात दोन्ही जास्त पाण्याने मेली.

तर त्या आठव्या दिवशी बोगद्याच्या अलीकडे हेडलाइट एकदम गेला. अप्परही गेला, डिपरही गेला. मुक्ता कोंबड्यांच्या एका टेम्पोच्या मागच्या लाल दिव्याला धरून सगळा घाट उतरली. घरी आली तेव्हा तिच्या हेल्मेटला पिसं चिकटलेली होती. बायको पुढे झाली. एकेक पीस काढत राहिली आणि शेवटचं पीस काढल्यावर तिने मला विचारलं, "बल्ब कोणी बसवला होता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या तीन पायऱ्या चढलो.

"हेडलाइटचा बल्ब द्या. टिकाऊ पाहिजे."

काकांनी पेपरातून डोकं वर केलं नाही. "मयत आणलंय?"

"काय?"

"गेलेला बल्ब. आधी मयत दाखवा. ते बघितल्याशिवाय मी बारशाचं बघत नाही."

"तो कचऱ्यात टाकला."

"मग काढा," असं म्हणून त्यांनी पान उलटलं.

सोसायटीच्या सुक्या कचऱ्याच्या पिंपात मी कोपरापर्यंत हात घातलेला असताना तळमजल्यावरचे जोशी बाहेर आले. "सर, काही हरवलंय का?" मी म्हणालो, "बल्ब. गेलेला." जोशींनी पिंपात डोकावून पाहिलं. "पेन्शन वेळेवर येते ना?" असं विचारून आत गेले.

मयत घेऊन मी परत गेलो. काकांनी वर्तमानपत्राचा कपटा फाडला, त्यात बल्बाची पितळी कड धरली आणि बल्ब उजेडासमोर नेला. त्यांना उभ्या आयुष्यात कोणी काचेला हात लावताना पाहिलं नव्हतं. काच काळी पडली असेल तर बल्ब म्हातारा होऊन गेला. दुधी झाली असेल तर आत हवा शिरली. काच स्वच्छ आणि आतली तार मधेच तुटलेली असेल तर गाडीच्या हादऱ्यांनी गेला. हे सगळं ते बल्ब फिरवता फिरवता पुटपुटत होते, एखाद्या डॉक्टरने नाडी बघताना पुटपुटावं तसं.

"कसा गेला म्हणालात?"

"आपोआप."

"आपोआप. बरं." त्यांनी भिंग काढलं. "उजवा अंगठा. खालून तिरका व्रण आहे. विळीवर कापलंय का कधी?"

मी हात खिशात घातला. त्यांनी बल्ब माझ्यासमोर धरला. काचेला एक फोड आला होता आणि त्या फोडावर माझ्या अंगठ्याच्या रेषा भाजून निघाल्या होत्या. इतका स्पष्ट ठसा मी पासपोर्टाच्या वेळीसुद्धा दिला नव्हता.

"शिक्षण काय आपलं?"

"एम.एस्सी. पदार्थविज्ञान."

"आणि सही अंगठ्याने?"

त्या दिवसापासून त्यांच्या दुकानात माझं नाव अंगठेबहाद्दर पडलं. मी कोपऱ्यावर दिसलो तरी ते तिथूनच हाक मारत, "या अंगठेबहाद्दर!" आणि मला माझ्याच पेठेत मान खाली घालून तीन पायऱ्या चढाव्या लागत.

मग त्यांनी चौकशी सुरू केली. गाडी कोण चालवतं, कुठून कुठे, किती वाजता. मी सांगितलं. घाट हा शब्द ऐकल्यावर त्यांनी पेपराची घडी घालून बाजूला ठेवली. "म्हणजे बल्ब तुम्हाला नकोय. मुलीला हवाय. हे आधी सांगायचं." त्यांनी पाच-सहा डब्या काढल्या. प्रत्येक बल्ब कागदात धरून कानाशी नेला, नखाने टिचकी मारली, काच टोपीत सरळ बसली आहे का ते एक डोळा मिटून पाहिलं आणि एकेक बाद करत गेले. बाद केलेल्या एका डबीवर मोठ्या अक्षरांत दीर्घायुष्याची हमी छापलेली होती. मी ती उचलून म्हणालो, "हा का नको? इथे लिहिलंय की, लाँग लाइफ."

"आमच्या हिच्या पत्रिकेत पण लिहिलं होतं," काका म्हणाले.

त्यांनी माझ्या हातातली डबी काढून घेतली आणि फडताळात ठेवून दिली.

शेवटी त्यांनी निवडलेला बल्ब पस्तीस वॅटचा, साधा, पिवळट उजेडाचा निघाला. मी कुरकुर केली. हल्ली कसे पांढरेशुभ्र, डोळे दिपवणारे दिवे मिळतात, म्हटलं. काका म्हणाले, "डोळे कोणाचे दिपणार? समोरच्याचे. आणि आंधळा झालेला समोरचा जाणार कुठे? तुमच्या मुलीच्या अंगावर." मग बल्ब कागदात गुंडाळत, "जास्त उजेड म्हणजे जास्त दिसणं नव्हे हो. सूर्याकडे बघून सांगा किती दिसतं ते. हे शिकवलं असेल ना तुम्ही?" मी हे शिकवलं नव्हतं. अभ्यासक्रमात नव्हतं.

बल्ब बसवला म्हणजे काम झालं, असं त्यांच्याकडे नव्हतं. दुकानासमोरच्या कुंपणभिंतीवर त्यांनी खडूने दोन आडव्या रेघा मारून ठेवल्या होत्या. संध्याकाळी गाडी ठरलेल्या फरशीवर उभी करायची आणि डिपरचा झोत खालच्या रेघेवर बसेपर्यंत दिवा वर-खाली करायचा. मी गाडी लावली, वर बसलो आणि म्हणालो, "करा."

"उतरा."

"का?"

"तुमचं वजन काय?"

मी सांगितलं. घरी सांगतो त्यापेक्षा चार किलो कमी सांगितलं.

"तुम्ही बसलात की गाडी मागून दबते आणि दिवा आभाळाकडे बघतो. तो मी खाली घेणार. उद्या मुलगी बसली की मागची बाजू उचलणार आणि दिवा तिच्या पुढच्या चाकाकडे बघत बसणार. घाट राहिला बाजूला. चालवते तिला आणा. रोजची सॅक घेऊन. डब्यासकट."

"डबा भरलेला की रिकामा?" मी चेष्टेने विचारलं.

"येताना रिकामा असतो ना? मग रिकामा," काका म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते.

रविवारी मुक्ता रिकामा डबा घातलेली सॅक पाठीला लावून गाडीवर बसली आणि काकांनी दिवा रेघेवर आणला. मग तिला म्हणाले, "बाळ, उतर. आता बल्ब काढ, आणि परत बसव. कागदात धरून." तिने बसवला. "आता डोळे मिटून." मुक्ता हसली, पण काका हसले नाहीत. तिने डोळे मिटले, बोटांनी तारेची क्लिप चाचपली, बल्बाच्या टोपीच्या तीन जिभल्या खाचेत बसवल्या. पहिल्यांदा पाच मिनिटं लागली. चौथ्यांदा एक. "अंधारात जाणारा बल्ब अंधारातच बसवता आला पाहिजे," काका म्हणाले. मग मलाही हुरूप आला. मी डोळे मिटले, क्लिप दाबली, ती उडाली आणि गटारात गेली. काकांनी खिशातून दुसरी क्लिप काढली. आधीच काढून ठेवली होती. "तुम्ही आपलं शिकवत चला," म्हणाले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. शहाण्या माणसाची संपली असती. पण माझं वेळापत्रक डोक्यातून जाईना. घाटात एक वळण आहे. ते डोळ्यांसमोर आलं की वाटायचं, पस्तीस वॅट म्हणजे काय, एवढ्यात आम्ही पूर्वी बाथरूम भागवत होतो. एके दिवशी मी गुपचूप इंटरनेटवरून शंभर वॅटचा बल्ब मागवला. या वेळी मी हुशारी केली. भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून बसवला. काचेवर ठसा नाही, काही नाही. दोन दिवस मुक्ता म्हणाली, "बाबा, आजकाल रस्ता एकदम लख्ख दिसतो हं." मी मनातल्या मनात डिपरकाकांना पंजा उघडून-मिटून दाखवला.

तिसऱ्या दिवशी ती घरी आली तेव्हा गाडीच्या डोक्यातून धूर येत होता. बल्बाचा होल्डर वितळून वायरींना चिकटला होता. आणखी दहा मिनिटं घाट असता तर? हा प्रश्न मी त्या दिवशी विचारला नाही, बायकोनेही विचारला नाही, आणि आम्ही दोघं तो न विचारता जेवलो.

सकाळी तो वितळलेला होल्डर रुमालात बांधून मी काकांकडे गेलो. मान्य करायची हिंमत नव्हती. म्हणालो, "आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीचा आहे. त्यांनी विचारलंय, काय झालं असेल."

काकांनी रुमाल उघडला. होल्डर पाहिला. मला पाहिलं. मग रुमालाची गाठ पुन्हा नीट बांधत म्हणाले, "शेजाऱ्यांना सांगा, मुलगी घाटातून येते."

मी रुमाल परत घ्यायला हात पुढे केला.

"आणि सांगा, काळजी शंभर वॅटची झाली म्हणून वायर शंभरची होत नाही. ती पस्तीसचीच राहते. मग जळणार कोण?"

त्या दुपारी त्यांनी दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं आणि आमच्या गाडीपाशी बसले. जळलेल्या वायरी बदलल्या. मग दिव्याची सगळी बैठकच सुटी केली. आतले रबराचे वॉशर कडक होऊन चुरा झालेले होते, म्हणजे रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा थेट बल्बाच्या तारेला बसत होता. अर्थिंगच्या वायरीला गंज चढला होता. त्यांनी नवे रबर घातले, गंज घासला, इंजिन चालू करून बॅटरीचा दाब मोजला. "बल्ब टिकवायचा असेल ना, तर बल्बाकडे बघायचंच नाही," ते म्हणाले. "त्याला धरून काय काय आहे ते बघायचं. लोक टिकाऊ बल्ब मागायला येतात. टिकाऊ खोबण कोणी मागत नाही." मी शेजारी बसून पाने देत होतो. त्यांनी मागितलेला पाना सोडून बाकी सगळे दिले.

काका डाव्या पायाने लंगडत. पेठेत त्याची एक गोष्ट प्रसिद्ध होती : तरुणपणी बोरघाटात समोरच्या ट्रकने अप्पर खाली केला नाही, काकांचे डोळे दिपले, गाडी कठड्यावर गेली आणि तेव्हापासून हा माणूस प्रकाशाच्या मागे लागला. मी ती गोष्ट स्वतःसुद्धा दोघा-तिघांना रंगवून सांगितली होती, त्यात पाऊसही घातला होता. त्या दुपारी मी धीर करून विचारलं, "काका, पायाचं ते घाटातच झालं ना?" काका दिव्यात डोकं घालून बसले होते. म्हणाले, "नाही. या आपल्या तिसऱ्या पायरीवरून पडलो. भर दुपारी."

पुढे वर्ष-दीड वर्षात त्यांचं गिऱ्हाईक आटत गेलं. नव्या गाड्यांच्या दिव्यात बल्बच नसतो. गेला तर सगळा दिवाच बदलायचा. "आता मयतच येत नाहीत," काका म्हणायचे, "बघायचं काय?" डोळ्यांत मोतीबिंदूही उतरत होता. भिंतीवरची रेघ त्यांना दोन-दोन दिसायला लागली, तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं आणि विश्रांतवाडीला मुलाकडे राहायला गेले. जाताना मुक्ताला बोलावून दोन बल्ब दिले. एक गाडीत घालायला आणि एक जवळ ठेवायला. जवळ ठेवायचा बल्ब आवळासुपारीच्या जुन्या डबीत, कागदात गुंडाळलेला. डबीत आणखी एक कोरा कपटा घडी करून ठेवला होता, बल्ब धरायला. मग माझ्याकडे वळून, "डबी तुम्ही उघडायची नाही."

गाडीतला बल्ब मुक्ताने त्याच दिवशी आमच्या पार्किंगमध्ये बसवला. मला लिफ्टपाशी उभं केलं होतं.

त्यानंतर दोन हिवाळे सुरळीत गेले. मी नवी झाडं आणली. मग एका डिसेंबरच्या संध्याकाळी साडेसात झाले आणि ती आली नाही. पावणेआठ झाले. फोन लावला, लागला नाही; घाटात रेंज जाते हे मला पाठ होतं, तरी सात वेळा लावला. आठ वाजता बायको म्हणाली, "थांबा जरा, येईल." पण असं म्हणताना ती स्वतः चपला घालत होती. मी तिची स्कूटर घेतली, तिला फोनपाशी बसवलं आणि निघालो.

स्वारगेटपासून कात्रजपर्यंत मी काय चालवलं ते मला आठवत नाही. घाट लागल्यावर मी स्कूटरचा दिवा अप्परवर टाकला, कारण मला कडेचे दगड, झुडपं, दरीकडचा कठडा, सगळं बघायचं होतं. कुठे गाडी आडवी पडलेली दिसते का, हे बघायचं होतं. प्रत्येक वळणावर मी देवाला काहीतरी कबूल करत होतो. वरून एक मोटरसायकल उतरत आली. तिचा उजेड इतका खालच्या मानेने, इतका सभ्यपणे रस्त्यावर पडत होता की ती आपली असेल असं मनातसुद्धा आलं नाही. जवळ आल्यावर त्या गाडीवाल्याने डावा हात पुढे केला आणि पंजा उघडला-मिटला, उघडला-मिटला. मी मनात म्हणालो, माझा जीव चाललाय आणि याला डिपर सुचतोय. आणि तसाच पुढे गेलो.

बोगद्यापर्यंत गेलो. बोगद्याच्या तोंडाशी कोणी नव्हतं. मी स्कूटर लावून हाका मारल्या. बोगद्याने माझ्याच हाका मला परत केल्या. परतीच्या उतारावर रेंज आली आणि फोन वाजला. बायको होती. "मुक्ता आली. तुम्ही कुठे आहात?"

घरी पोचलो तेव्हा मुक्ता कांदेपोहे खात होती. मला पाहून एकदम सुरू झाली, "अहो बाबा, बोगद्याच्या अलीकडे डिपर गेला. अप्पर होता चालू."

"मग अप्परवर यायचं ना!" मी ओरडलो. दोन तासांची भीती त्या एका वाक्यातून बाहेर पडली.

"अप्परवर? समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांत घालत? काकांनी काय शिकवलंय?" ती शांतपणे म्हणाली. "कडेला घेतली आणि बल्ब बदलला. आधीच सुटायला तास-सव्वा तास उशीर झाला होता, त्यात क्लिप जरा अडकत होती, हात गार पडलेले, म्हणून वेळ लागला. पण चाचपूनच बसवला. डोळे उघडे ठेवून काही उपयोगच नव्हता." मग घास गिळून, "आणि खाली उतरताना एक स्कूटरवाला अप्पर लावून वर चालला होता, बाबा! हात केला तरी खाली करेना. असला माठ माणूस!"

"असतात असे," मी म्हणालो आणि हेल्मेट मागे लपवलं.

बायकोने पोह्यांवर खोबरं घालता घालता विचारलं, "कुठल्या रंगाची होती गं स्कूटर?"

पुढच्या रविवारी मुक्ता आणि मी विश्रांतवाडीला गेलो. तीच काकांची आणि माझी शेवटची भेट. उन्हाळ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. "काही झालं नव्हतं हो," तो म्हणाला, "वय झालं होतं." मला ते वाक्य त्या रविवारी काकांच्या तोंडून ऐकल्यासारखं वाटत राहिलं.

त्या दिवशी काका गॅलरीतल्या खुर्चीत बसले होते. मोतीबिंदूचं एक ऑपरेशन झालं होतं, दुसरं व्हायचं होतं. मुक्ताने जुना बल्ब कागदात गुंडाळून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो कडेला धरून कानाशी नेला आणि हलकेच हलवला. आतली तुटलेली तार बारीकशी किणकिणली. त्यांचा चेहरा उजळला.

"बाळ, मला दिसत नाही नीट. तू बघून सांग. काच कशी आहे?"

"आतून काळी आहे काका. सगळीकडून सारखी."

"फोड?"

"नाही."

"दुधी कुठे?"

"नाही."

"ठसा?" हे विचारताना त्यांनी मान माझ्या दिशेने वळवली. दिसत नसताना बरोबर माझ्या दिशेने.

"नाही," मुक्ता म्हणाली.

काकांनी बल्ब मांडीवर ठेवला. "नैसर्गिक," ते म्हणाले. "वय झालं होतं त्याचं. दुसरं काही नाही." इतकं समाधान मी त्यांच्या आवाजात कधी ऐकलं नव्हतं.

मला वाटलं, हीच वेळ आहे. इतक्या वर्षांत माझ्या घरून आलेलं पहिलं धडधाकट मयत होतं ते. खुर्ची पुढे ओढून मी म्हणालो, "बघा काका, दोन हिवाळे टिकला. आमच्याच गाडीतला!"

"हो का?" काका म्हणाले. "बसवला कोणी होता?"

मी गॅलरीतल्या तुळशीकडे बघायला लागलो.

"मी," मुक्ता म्हणाली.

"तरीच," काका म्हणाले.